गॅरेजातली दारफाळणी

ऑक्टोबर लागला की ठाण्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळची सातवीण फुलते. वास इतका जड असतो की बायको संध्याकाळी खिडक्या लावून घेते. मी मात्र गॅलरीत जाऊन उभा राहतो. ठाणे, उकाडा, रिक्षांचे हॉर्न सगळं मागे राहतं आणि मी चंदीगडच्या रुंद, सरळ रस्त्यावर चौदा वर्षांचा होऊन चालायला लागतो. दोन्ही बाजूंना सातविणी, हवेत पहिला गारवा, दूर कसौलीच्या बाजूला डोंगरांची निळी रेघ. आणि चौकात वाळूच्या पोत्यांच्या मागे बंदूक घेऊन बसलेला जवान.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. आमच्या आज्यांनी सणांना साधी मराठी नावं ठेवली होती. वर्ष सुरू होतं तो नव्याचा सण. मग नव्या तांदळाचा खिरीचा सण. दहाव्या दिवशी दारफाळणी, म्हणजे योम किप्पूर: दार लावून घ्यायचं, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, दिवसभर प्रार्थना करायची आणि वर्षाच्या चुकांची माफी मागायची. दुसऱ्या दिवशी शिळा सण, एकमेकांकडे जायचं, हातांना हात लावून आपलीच बोटं ओठांना टेकवायची. आमच्यात असं मानतात की देवाशी काही चुकलं असेल तर देव माफ करतो, पण माणसाशी चुकलं असेल तर त्या माणसाकडेच जावं लागतं. देव मध्ये पडत नाही.

मला ज्या माणसाकडे जायचं होतं तो माझ्याच घरात राहत होता. माझ्या शेजारी बसून जेवत होता. मी गेलो नाही.

ठाण्यात शनिवारी दुपारी आमच्या मुलांची मंडळी जमते. गाणी, खेळ, थोडं हिब्रू, खूप दंगा. दरवर्षी या दिवसांत मला बोलावतात आणि म्हणतात, सॅम अंकल, चंदीगडची गोष्ट सांगा. मीही सांगतो. यंदा नओमी नावाची बारा वर्षांची पोर मध्येच म्हणाली, "पण अंकल, तो एक मुलगा का नाही आला?"

मी नेहमीचं उत्तर दिलं, "त्याच्या वडिलांनी सोडलं नाही."

"शब्द देऊन?" नओमी म्हणाली. "काय वडील असतील ना एकेक."

सगळी मुलं हसली. मीही हसल्यासारखं केलं. माझ्या वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली आहेत, आणि त्यांच्यावर पोरं हसत होती. त्यांना हसायला मीच शिकवलं होतं.

तर ती गोष्ट आता नीट सांगतो.

पप्पा, डेव्हिड पप्पा, एअरफोर्समध्ये होते. पंजाबात तेव्हा दहशतवादाचे दिवस होते, रोज काही ना काही घडत असे. सकाळी बातम्या लागल्या की आई गॅस बारीक करून ऐकायची. बसस्टँडवर पाट्या होत्या, लावारिस चीज़ों को हाथ न लगाएँ. तरी चंदीगड सुंदरच होतं. मुलांना सुंदर शहरात भीती फार वेळ धरून ठेवता येत नाही. आम्ही सायकली हाणायचो, सरोवरावर जायचो, आणि नाक्यावर डबे उघडून दाखवायची इतकी सवय झाली होती की शिपाई पराठ्यांचा वास घेऊन विचारायचे, "आज मूली के?"

क्वार्टर मिळालं नव्हतं म्हणून आम्ही सेक्टर बत्तीसमध्ये भाड्यानं राहत होतो. त्या शहरात तेव्हा तेरा नंबरचा सेक्टरच नव्हता. मी तेरा पूर्ण केली, म्हणजे आमच्या हिशेबानं प्रार्थनेत पुरुष म्हणून धरला जाऊ लागलो, तेव्हा पप्पा म्हणाले, "बघ, शहराला तेरा वगळता आले, तुला नाही येणार." असे विनोद ते वर्षातून एकदोनदाच करायचे. एरवी बोलणं कमी. बूट पॉलिश करताना गुणगुणायचे, तेवढाच आवाज.

शाळेत नाव विचारलं की मी सांगायचो सॅम्युअल. मुलं म्हणायची, अच्छा, क्रिश्चन. मी मान हलवायचो. सुरुवातीला समजावून सांगायचा कंटाळा होता म्हणून, आणि पुढे पुढे, खरं सांगायचं तर, बरं वाटायचं म्हणून. ज्या शहरात प्रत्येकाला त्याचा धर्म कपाळावर लिहिल्यासारखा वागवावा लागत होता, तिथं आपला कुणाला माहीत नसलेला धर्म खिशात ठेवलेला बरा, असा माझा व्यवहार होता.

मग रिव्का आली.

तिचे वडील दानिएल काका टेलिफोन खात्यात होते, बदली होऊन मुंबईहून आले. रिव्का सतरा वर्षांची, काटकुळी, दोन वेण्या आणि आवाज मात्र ड्रिल मास्तरचा. मुंबईत ती ज्यू मुलांच्या मंडळात वाढली होती, सुट्टीतली शिबिरं केली होती, लहानांच्या तुकड्या सांभाळल्या होत्या. इथं आल्या आल्या तिनं वडिलांना विचारलं, आपली किती मुलं आहेत इथं. काका म्हणाले, खरडला एक घर आहे, पिंजोरला एक, एअरफोर्सचं एक, सात-आठ असतील. त्यावर ती म्हणाली, "आठ म्हणजे पुष्कळ झाली."

त्यांचं घर सेक्टर पस्तीसमध्ये, खाली घरमालकीण ग्रेवाल आंटी. आंटींचे पती वारले होते, गाडी विकली होती, गॅरेज रिकामं होतं. रिव्कानं ते मागितलं. आंटींनी विचारलं, "करोगे क्या?" रिव्का म्हणाली, "शनिवार." आंटींना काही कळलं नाही, पण त्यांनी किल्ली दिली.

त्या गॅरेजाचा वास अजून नाकात आहे. जुनं इंजिन ऑइल, चुना, आणि कोपऱ्यातल्या गव्हाच्या पोत्यांचा भुसकट वास. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, खरं तर वाहनातून प्रवास करायचा नसतो, पण पिंजोरची मुलं कालका रस्त्यानं बसनं यायची. यावर रिव्काचं म्हणणं असं की बस नसेल तर त्यांना शब्बाथ तरी कुठला. दानिएल काकांनी नाक मुरडलं आणि बसस्टॉपवर त्यांना घ्यायला गेले.

तिची एक पद्धत होती. दर शनिवारी एकाची पाळी. ज्याची पाळी तो त्या दुपारचा मालक. काय गायचं, काय खेळायचं, कुणी बोलायचं, सगळं तो ठरवणार, आणि गॅरेजात पाऊल टाकणाऱ्यानं, मग तो कितीही मोठा असो, ऐकायचं. पिंजोरची लिआ आठ वर्षांची होती. तिच्या पाळीला दानिएल काका मध्येच उपदेश करायला लागले. लिआ म्हणाली, "काका, हात वर केला नाही तुम्ही." काकांनी हात वर केला. लिआनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "तुमचा नंबर नंतर." टेलिफोन खात्यातला तो अधिकारी दहा मिनिटं हात वर करून गव्हाच्या पोत्यावर बसून होता. ग्रेवाल आंटी दारात हसता हसता खाली बसल्या.

खरडच्या घरातली दोन मुलं मराठी समजायची पण उत्तर हिंदीत द्यायची. लिआ तर पंजाबीत भांडायची. रिव्का कुणाला भाषेवरून टोकायची नाही. मात्र गाणं म्हणताना हिब्रू शब्दांचे अर्थ मराठीतच सांगायची, आणि हळूहळू ती मुलंही "काय यार, पुन्हा चुकलो" असं अर्धं मराठीत बोलायला लागली. टोप्या सगळ्यांकडे नव्हत्या, तर आंटींनी गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायला असतात तसे रुमाल शिवून दिले. पंजाबात डोकं झाकण्याचं कारण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. केशरी रुमाल बांधून आम्ही हिब्रू गाणी म्हणायचो. तिथं मी कोण आहे हे मला कुणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं. आठवड्यातले ते तीन तास मला पाठ सरळ करून बसता यायचं. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

एक गोष्ट तिनं आम्हांला मोठ्या कामाची करायला लावली. सार्वजनिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. पण माणसं एक, दोन, तीन करून मोजायची नसतात, अशुभ मानतात. त्याऐवजी दहा शब्दांचं वाक्य घ्यायचं आणि एकेका माणसावर एकेक शब्द ठेवायचा. रिव्का म्हणाली, आपलं वाक्य आपण करू, मराठीत. भांडून भांडून एक वाक्य झालं: "ग्रेवाल आंटींच्या गॅरेजात आज आपण सगळे जमलो, देवा, नीट पाहा." दहा शब्द. पुढं पुढं गॅरेजात शिरलं की लिआ ते म्हणतच सगळ्यांच्या डोक्यावर टपल्या मारत फिरायची.

दारफाळणीला चंदीगडचे आमचे लोक एरवी बसनं दिल्लीला जायचे, तिथल्या सिनेगॉगमध्ये. त्या वर्षी महामार्गावर बस थांबवून माणसं उतरवल्याच्या बातम्या होत्या. मोठ्यांची बैठक झाली. ठरलं, यंदा दिल्ली नाही, ज्यानं त्यानं घरी दार लावून उपास करायचा.

रिव्का चहाचे कप उचलत होती. म्हणाली, "आपण इथंच करू."

"इथं?" पिंजोरचे आजोबा म्हणाले. "गॅरेजात?"

"गॅरेजात. मुलं सगळं करतील. तुम्ही फक्त या."

"अगं, प्रार्थना चालवायला हज्जान नाही, मिन्यान नाही..."

"मिन्यान आहे. मोजलंय मी."

तिनं खरंच मोजलं होतं. मोठे पुरुष सहा. तेराच्या वरची मुलं चार, खरडची दोन, पिंजोरचा एक, आणि मी. पप्पांची ड्यूटी लागणार हे धरून. दानिएल काका आजोबांना म्हणाले, "ही पोरगी माझं ऐकत असती तर आपण आत्ता मुंबईत असतो." म्हणजे झालं.

पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात भरलेले दिवस. शाळेतून सुटलो की गॅरेज. भिंतीला चुना, फरशीला गोणपाट आणि वर चादरी. मराठी अक्षरांत छापलेली प्रार्थनेची दोनच पुस्तकं होती, ती आम्ही वह्यांत उतरवून काढली, नव्वद पानं, आठ मुलांनी. लिआनं मागच्या पानावर शुद्धिपत्र लावलं. ग्रेवाल आंटींचा भाऊ मुल्लानपूरला शेती करायचा, तिथून नव्या तांदळाची पिशवी आली, खिरीच्या सणासाठी. आंटी म्हणाल्या, "नवां चौल पहले रब नूं, फिर त्वानूं." नवा तांदूळ आधी देवाला, मग तुम्हांला: आमच्या आज्या हेच म्हणायच्या, फक्त मराठीत.

शोफार मुंबईहून एका जवानाच्या ट्रंकेतून आला. मेंढ्याचं शिंग, आतून पोकळ. ते फुंकायला जोर लागत नाही, ओठांची एक ठेवण लागते. ती दोघांनाच जमली, रिव्काला आणि मला. रिव्का म्हणाली, तू वाजव, मुलगी वाजवते म्हणून आजोबा रुसतील.

नव्याच्या सणाला सकाळी गच्चीवर मी तो वाजवला. एक लांब सूर, मग तुटक तुटक, मग पुन्हा लांब. माझ्या छातीतून एवढा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. खाली रस्त्यावर एका दुकानाचं शटर धाडकन पडलं, मग दुसऱ्याचं. पाच मिनिटांत पोलिसांची जीप. आम्ही शिंग घेऊन खाली धावलो.

फौजदार खाली उभा. "सायरन किसने बजाया?"

ग्रेवाल आंटी फाटकात दुपट्टा खोचून. "सायरन नहीं जी, सिंग है. बच्चों का नया साल है."

"सितंबर में नया साल?"

"साड्डा वैसाखी नूं नहीं हुंदा? इनका आज होता है. आओ, खीर खाओ."

फौजदारानं शिंग हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, स्वतः फुंकून पाहिलं. फुस्स. शिपाई तोंड फिरवून हसले. एवढ्यावर ते सगळं मजेत संपलं असतं. पण फाटकाबाहेर गर्दी जमली होती आणि गर्दीत माझ्या वर्गातला बंटी होता, आणि त्याच्याबरोबर आमच्या गल्लीतली क्रिकेटची पोरं. फौजदार माझ्याकडे वळून म्हणाला, "तू कौन है भई? तूने बजाया?"

मी म्हणालो, "नहीं जी. मैं तो बस देखने आया था."

रिव्का माझ्या मागे उभी होती. क्षणभरही न थांबता ती पुढे आली. "मैंने बजाया, सर."  फौजदार जाता जाता म्हणाला होता, पुढच्या वेळी पोलीस थाण्यात कळवा. दुसऱ्या दिवशी ही सतरा वर्षांची पोर थाण्यात अर्ज घेऊन गेली: दारफाळणीच्या दिवशी सूर्यास्तानंतर एकदा शिंग वाजवण्याची परवानगी मिळावी. सहीशिक्का घेऊन आली. आसपासच्या चौक्यांना कळवल्याची नोंदसुद्धा खाली करून घेतली होती. तो कागद दानिएल काकांनी फ्रेम करून ठेवला आहे.

दारफाळणी संध्याकाळी सुरू होते. लांबची घरं मुक्कामाला आली होती, गॅरेजात पांढऱ्या कपड्यांची दाटी. पप्पा आणि मी चालत गेलो. पहिली प्रार्थना झाली. निघताना पप्पा दानिएल काकांना म्हणाले, "उद्या मी तळावर. पण हा येईल. माझा शब्द."

"मग काळजी नाही," काका म्हणाले. बाहेर येईपर्यंत त्यांनी पप्पांच्या खांद्यावरचा हात काढला नाही. सगळ्यांच्या मनात होतं की या छोट्या मंडळीचं मुकादमपण, म्हणजे पुढारपण, पप्पांना द्यावं, पुढच्या सिम्हात तोराच्या सणाला तसं जाहीर करायचं. पप्पांना ते माहीत होतं. परत येताना रस्ताभर ते गुणगुणत होते.

सकाळी बूट घालताना म्हणाले, "घरातलं एक माणूस तिथं पाहिजे. जा." धाकट्याला ताप होता म्हणून आई घरी होती. मी पांढरा सदरा घालून निघालो. त्या दिवशी शहरात बंद होता, शाळा नाही, दुकानं नाहीत, बत्तीस ते पस्तीस सरळ मोकळा रस्ता. तेहतीसच्या चौकात बंटी आणि मंडळी बॅट घेऊन उभी.

"ओए सॅम, चल. ग्यारहवां कम है."

"मुझे काम है."

"कौन सा काम? उन सींग वालों के पास?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. बंटी वाईट नव्हता. त्याच्या आवाजात टोमणाही नव्हता, निव्वळ प्रश्न होता. मी म्हणालो, "नहीं यार. चल."

मी खेळलो. दोन झेल घेतले. दुपारी बंटीच्या आईनं दिलेले आलूचे पराठे खाल्ले, वर लोणी. भूक अशी नव्हतीच. सगळे खात होते आणि हात पुढे गेला. आम्ही जिंकलो. मला आठवतं, पोरांनी मला खांद्यावर घेतलं होतं.

ऊन कलल्यावर मात्र माझे पाय पस्तीसकडेच गेले. ग्रेवाल आंटींच्या गल्लीच्या तोंडाशी चौकी होती, तिथं भिंतीला टेकून उभा राहिलो. आत जायची छाती झाली नाही. आकाश जांभळं होत गेलं. जवानानं घड्याळ पाहिलं. आणि गच्चीवरून शोफार वाजला.

मी वाजवला होता त्यापेक्षा दुप्पट लांब. चढत चढत गेला, एकदाही फाटला नाही. बंद पडलेल्या, दिवसभर जीव मुठीत धरून बसलेल्या शहरावरून तो सूर गेला आणि एकाही घराची खिडकी धाडकन लागली नाही. जवान पोत्यांमागून उठून उभा राहिला. दुसऱ्याला म्हणाला, "यही है. परमिशन वाला." मग म्हणाला, "अच्छा बजाता है लड़का."

मला माहीत होतं, लड़का नाही. मागून टाळ्या, ओरडा, लिआची किंकाळी, सगळं ऐकू आलं. मी आयुष्यात एवढं मोठं जिंकणं पुन्हा पाहिलेलं नाही, आणि ते मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं.

आत काय झालं ते नंतर कळलं. लिआनं सकाळी वाक्य म्हणत माणसं धरली, ती "नीट"वर थांबली. "पाहा" उरला. दुपारपर्यंत थांबले. आजोबा म्हणाले, आता नाही होत, आपापलं वाचू या. तेव्हा दानिएल काका उठले, पडद्यापलीकडे बायकांत बसलेल्या रिव्काच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाहा."

"दानिएल, बाया धरत नाहीत," आजोबा म्हणाले.

"आज या शहरात आपली दहा माणसं आहेत, मामा, आणि ती इथं आहेत. चूक असेल तर आज चुका माफ होण्याचाच दिवस आहे."

आजोबांनी चष्मा चढवला. मग त्यांनीच पुस्तक उघडलं. मोठ्या सिनेगॉगांत आजही ज्यावर वाद होतात ते त्या गॅरेजात एका दुपारी होऊन गेलं. आणि उपासानं थकलेल्या सात मुलांनी नव्वद पानं शेवटपर्यंत म्हटली, एकही न गाळता.

त्याच संध्याकाळी, सगळे पांगल्यावर, रिव्का मला गल्लीत भेटली. तिच्या ओठावर शिंगाचा वळ होता. "कुठं होतास?"

"पप्पांनी सोडलं नाही. रस्ते बरे नाहीत म्हणाले."

घरी मी सांगितलं, होतो तिथं, छान झालं.

शिळ्या सणाला दानिएल काका आणि रिव्का आमच्याकडे आले. हातांना हात लागले. काका बसलेच नाहीत. म्हणाले, "डेव्हिड, शब्द देऊन पोराला अडवलंस?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एक श्वास जाईल एवढंच. दोन खोट्या गोष्टी त्या खोलीत समोरासमोर आल्या होत्या आणि त्यांना दोन्ही कळल्या. आईनं तोंड उघडलं. पप्पा म्हणाले, "चहा ठेवतेस का?" मग काकांना, "हो. वेळ बरी नव्हती. चुकलंच माझं."

मुकादमपणाचं पुन्हा कुणी काढलं नाही. वर्षभरानं आमची बदली झाली. पुढे सगळे पांगले, रिव्का इस्राएलला गेली, दानिएल काका ठाण्यात आले, पप्पाही निवृत्त होऊन ठाण्यात आले. दोघं एकाच सिनेगॉगमध्ये दोन टोकांना बसत. पप्पांनी मला कधी विचारलं नाही. मुलगा भित्रा म्हणवला जाण्यापेक्षा आपण ठरलेलं बरं, असं त्यांनी त्या एका श्वासात ठरवलं असावं. आणि मी मोठा झालो, गोष्ट सांगू लागलो. "आम्ही वह्या उतरवल्या, आम्ही परवानगी काढली, आम्ही दारफाळणी केली." त्या 'आम्ही'मध्ये मी इतकी वर्षं लपून राहिलो.

नओमी हसली त्या रात्री झोप आली नाही. सकाळी रिव्काला फोन लावला आणि सगळं सांगितलं, पराठ्यांसकट. 

"तू भित्रा होतास हे मला तेव्हा फाटकातच कळलं होतं," ती म्हणाली. "ते काही नाही, चौदाचा होतास. पण डेव्हिड अंकल? माझ्या पप्पांनी त्यांना मेल्यावर खांदा दिला नाही, सॅम."

"मी काय करू?"

"मला विचारतोस? माणूस गेलेला असला तर काय करतात ते तुला माहीत नाही?"

माहीत होतं. कबरीपाशी दहा माणसं न्यायची आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगायचं. मी आधी दानिएल काकांकडे गेलो. त्र्याऐंशी वर्षांचे, कानात मशीन. दोनदा सांगावं लागलं. त्यांनी काठी शोधली आणि म्हणाले, "चप्पल दे."

"काका, रविवारी जायचंय."

"रविवारपर्यंत मी राहिलो नाही तर?"

रविवारीच गेलो. शनिवारच्या मंडळीला मी एवढंच सांगितलं होतं की मला माणसं हवी आहेत. दहापेक्षा बरीच जास्त आली, मुलगे, मुली, त्यांच्या आया, दफनभूमीचा रखवालदारसुद्धा येऊन उभा राहिला. मी पप्पांच्या दगडापाशी उभा राहून सांगितलं. देवाविरुद्ध आणि या माणसाविरुद्ध माझं चुकलं. यानं शब्द दिला होता, यानं मला जा म्हटलं होतं, मी गेलो नाही, आणि दोष याच्यावर घातला. 

दानिएल काका काठीवर जोर देऊन खाली वाकले, दगडाला हात लावला आणि बोटं ओठांना टेकवली. "मुकादम," ते म्हणाले. पुढचं त्यांचं पुटपुटणं मशीन कानात असलेल्या माणसाचं असतं तसं होतं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढं मोठं. "पोराचं एक वेळ ठीक, तो पोर होता. मी तर तुला ओळखत होतो, तरी ते खरं मानलं."

परवाच्या शनिवारी नओमीनं मला उठू दिलं नाही. म्हणाली, आज चंदीगडची गोष्ट मी सांगणार. मी मागच्या खुर्चीवर बसलो. तिनं गॅरेज सांगितलं, फौजदाराची फुस्स सांगितली, अर्ज सांगितला. मग म्हणाली, "आणि नऊच लोक आले. कारण सॅम अंकल क्रिकेट खेळायला गेले आणि त्यांनी पराठे खाल्ले."

मुलं वळून वळून माझ्याकडे बघत हसली. मीही हसलो, या वेळी खरं.

"लोणी लावून," मी मागून म्हणालो.

"लोणी लावून. त्यांचे वडील ड्यूटीवर होते. त्यांनी सांगितलं होतं, जा. त्यांचं नाव डेव्हिड. ते आपले मुकादम." पहिल्या रांगेतल्या एका लहानग्यानं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर नओमी त्याला म्हणाली, "आधी ऐक," आणि रिव्काच्या डोक्यावर हात ठेवला जातो तिथपर्यंत गोष्ट नेली.